भिवाला उठविण्यासाठी जागणारा बाप

परीक्षा जवळ आल्या की आमच्या घराघरांत एकच उपदेश सुरू होतो. भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवून मुलाला सांगितले जाते की, बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत होते आणि तुला एक तास धड बसवत नाही. मूल मान खाली घालते. आई-बापाला वाटते, आपले काम झाले. मग बाप मोबाईल घेऊन कॉटवर आडवा होतो, आई मालिका लावते आणि मूल त्याच खोलीच्या कोपऱ्यात पुस्तक उघडून बसते. हा दोष आम्ही दुसऱ्यांच्या माथी मारीत नाही. तो आमच्याही घरात आहे, म्हणूनच हा विषय आज घेतला आहे.

आमचा सवाल साधा आहे. परळच्या चाळीतल्या एका खोलीत रात्री दोन वाजता भिवाला अभ्यासाला उठवीत कोण होते? तो आपोआप उठत नव्हता. त्याला उठविण्यासाठी एक म्हातारा दोन वाजेपर्यंत जागा राहत होता. मुलाने भीम व्हावे, असे आम्हा सर्वांना वाटते. परंतु आपण रामजी व्हावे, असे आमच्यापैकी किती जणांना वाटते? सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे चरित्र आम्ही बाबासाहेबांच्या चरित्राचे पहिले प्रकरण म्हणून वाचतो आणि पुढे जातो. एक पालक म्हणून ते पुन्हा वाचण्याची गरज आहे.

रामजीबाबांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील मालोजी सैन्यात होते. ज्या काळात गावच्या शाळेची पायरी महाराच्या पोराला बंद होती, त्या काळात कंपनी सरकारच्या आणि पुढे इंग्रजांच्या पलटणीत शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण मिळत असे. त्या एका फटीतून आमच्या समाजात अक्षर आले. रामजीबाबा सैन्यात भरती झाले, शिकले, पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि पलटणीच्या शाळेत शिक्षक झाले. चौदा वर्षे ते मुख्याध्यापक होते. सुभेदार हा त्यांचा हुद्दा होता. शिकविणे हा त्यांचा खरा पेशा होता. मुलाला काय शिकवावे आणि कसे शिकवावे हे ठाऊक असलेला बाप बाबासाहेबांना लाभला, ही गोष्ट लहान नाही.

त्यांची पत्नी भीमाबाई ही ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडकर घराण्यातली. तेही लष्करी पेशाचे घराणे होते. या दांपत्याला चौदा अपत्ये झाली. त्यांतली बहुतेक लहानपणीच गेली. बाळाराम, आनंदराव आणि भीमराव हे तीन मुलगे, मंजुळा आणि तुळसा या दोन मुली एवढी वाचली. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत जन्मलेले चौदावे अपत्य म्हणजे भीमराव.

याच सुमारास इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. ज्या दारातून अक्षर घरात आले तेच दार बंद होत होते. सुभेदारांनी याविरुद्ध धडपड केली. सरकारला द्यावयाचा अर्ज त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून लिहून घेतला, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे अन्याय झाला तर लेखी अर्ज करायचा असतो, जाणत्या माणसाची मदत घ्यायची असते, हे या घराला तेव्हापासून माहीत होते. मुले उपदेशापेक्षा घरात जे पाहतात तेच उचलतात.

निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आले आणि तेथून साताऱ्याला. साताऱ्यात १८९६ साली भीमाबाईंचे निधन झाले. भिवा तेव्हा पाच वर्षांचा होता. रामजीबाबांची बहीण मीराबाई हिने पोरक्या मुलांना पदराखाली घेतले. पाठीला कुबड असलेल्या या आत्याचे नाव आमच्या जयंतीच्या भाषणांत क्वचितच येते. बाबासाहेबांना आईची माया मिळाली ती तिच्याकडून. एकट्या बापाने मुले वाढविली असे आम्ही म्हणतो खरे, पण त्या बापाच्या मागे एक बाई उभी होती आणि पुढे दोन मुलीही उभ्या राहिल्या, हे विसरून चालणार नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवाचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. आमच्या विहारांतही तो पाळला जातो, ही चांगली गोष्ट आहे. मात्र त्या दिवशी मुलाला शाळेपर्यंत घेऊन जाणारा पालकही आठवला पाहिजे. शाळेत पोराला वेगळे बसविणार, पाण्याच्या भांड्याला हात लावू देणार नाहीत, हे त्या पालकाला पुरेपूर माहीत होते. तरीही त्याने पोराला शाळेत घातले आणि शाळेत टिकविले.

त्याच काळात रामजीबाबांना खटाव तालुक्यात रोखपालाची नोकरी लागली. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकार तेथे तलाव खोदीत होते. मुले साताऱ्यात आत्याजवळ आणि बाप दूर. १९०१ च्या उन्हाळी सुटीत त्यांनी मुलांना आपल्याकडे बोलाविले आणि प्रवासासाठी पैसे पाठविले. मुलांनी नवे कपडे शिवून घेतले, नव्या टोप्या घातल्या, आगगाडीत बसून मसूर स्टेशनवर उतरली. मुलांच्या येण्याचे पत्र बापाच्या हाती पडलेच नव्हते, कारण पत्र पोचविणारा शिपाई विसरला. पुढे काय झाले ते आमच्या प्रत्येक वाचकाला माहीत आहे. मुले महारांची आहेत असे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा कोठे गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची होती. साऱ्या रात्रीत त्यांना घोटभर पाणी कोणी दिले नाही.

ही घटना आम्ही अस्पृश्यतेची कथा म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. परंतु पालकाच्या बाजूने पाहिले तर ती आणखी काही सांगते. बापाने सगळे केले होते. पैसे दिले, पोरांना हौसेने बोलाविले. तरीही जातीच्या तडाख्यातून तो आपल्या मुलांना वाचवू शकला नाही. बापाचा हात जेथे पोचत नाही अशी जागा बाहेर असते आणि आमच्या मुलांसाठी ती इतरांपेक्षा मोठी असते. मग बापाने काय करायचे? रामजीबाबांनी मुलाला घरात कोंडले नाही. त्याला आतून भक्कम करण्याचे काम त्यांनी हाती घेतले.

ते काम म्हणजे घरचा अभ्यास. इंग्रजीचा पाया ते स्वतः घालून घेत. हॉवर्डची इंग्रजी वाचनपुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी भिवाकडून पाठ करून घेतली. नेमका शब्द नेमक्या ठिकाणी कसा वापरायचा, हे मुलाला बापाकडून मिळाले. पुढे गोलमेज परिषदेत ज्या इंग्रजीने जगाला थक्क केले, तिची मुळाक्षरे साताऱ्यात आणि परळात गिरविली गेली होती. घर कबीरपंथी होते. दारू आणि मांसाला सुभेदार शिवत नसत. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, भजन, वाचन यांचा नेम होता. आपल्या घरात आज अमुक वाजता अमुकच होईल, असे मुलाला खात्रीने सांगता येईल अशी किती घरे आज आमच्या वस्तीत आहेत?

आता या बापाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रामजीबाबा कडक होते, मुलांवर त्यांचा पूर्ण अंमल चाले. भीमाबाईंच्या पश्चात त्यांनी दुसरे लग्न केले, तेव्हा भिवाला ते मुळीच मानवले नाही. सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून तो धुमसत राहिला. बापाच्या मिळकतीवर जगायचे नाही, मुंबईला पळून जायचे, गिरणीत नोकरी धरायची, असे त्याने ठरविले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेला खोचलेली पिशवी चोरण्याचा त्याने रात्रीमागून रात्री प्रयत्न केला. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली. तिच्यात निघाला अवघा अर्धा आणा! ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतःच सांगितलेली आहे. त्या लाजिरवाण्या रात्रीनंतर मुलाने उनाडक्या सोडल्या आणि आपल्या पायावर उभे राहायचे तर अभ्यासाशिवाय गत्यंतर नाही, हे मनाशी पक्के केले.

आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगतो. आमच्याकडे महापुरुषाचे बालपण सोवळे करून सांगण्याची खोड आहे. ज्या मुलाला बापाचा राग आला, ज्याने चोरी करू पाहिली, शाळा सोडून गिरणीत जायचे ठरविले, तोच मुलगा पुढे घटनेचा शिल्पकार झाला. आज आमचा मुलगा दहावीत रुसला, क्लास बुडवून फिरला, तर तो वाया गेला असे आपण आठ दिवसांत जाहीर करतो. पाहुण्यांसमोर त्याची लक्तरे काढतो. रामजीबाबांनी या पोराच्या नावावर फुली मारली नाही.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीतली एकच खोली. तीच स्वयंपाकघर, तीच निजण्याची जागा, तीच अभ्यासिका. सरपण, भांडीकुंडी, जाते असे सगळे तेथेच. भिवा आता एल्फिन्स्टन हायस्कुलात जात होता. घरात माणसांचा वावर असेपर्यंत अभ्यास कसा व्हायचा? रामजीबाबांनी त्यावर उपाय काढला. मुलाने संध्याकाळी लवकर जेवून निजायचे. बाप जागा राहणार. दोनच्या सुमारास तो मुलाला उठविणार आणि मग मुलाने सोडलेल्या जागेवर स्वतः अंग टाकणार. मुलगा चिमणीच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचीत बसे. घरात जागा नव्हती, म्हणून बापाने आपली झोप कापून मुलासाठी जागा आणि शांतता काढून दिली. आज आमच्यापैकी पुष्कळांची घरे दोन-तीन खोल्यांची झाली आहेत. शांतता मात्र त्या एका खोलीत होती तेवढीही नाही.

पुस्तकांच्या बाबतीत या बापाने कधी हात आखडता घेतला नाही. शाळेच्या पुस्तकांबाहेरची पुस्तके वाचण्याचा भिवाला नाद लागला होता. पेन्शन महिना पन्नास रुपये. पोराने पुस्तक मागितले आणि खिशात काही नसले की सुभेदार मुंबईत नांदणाऱ्या आपल्या लेकींकडे जात. धाकटीकडे पैसे नसले तर थोरलीकडे. पैसे नसतील तेव्हा लेक अंगावरचा दागिना काढून देई. तो मारवाड्याकडे गहाण पडे, पुस्तक घरात येई आणि पेन्शन झाली की दागिना सोडवून परत केला जाई. बापाने मुलीला दिलेला शब्द मोडला नाही, म्हणून पुढच्या वेळीही दागिना मिळाला.

या हिशेबात आणखी एक नोंद आहे आणि ती वाचताना आमच्या पोटात कालवते. दोघा मुलांना एकाच वेळी शिकविणे झेपेना, तेव्हा थोरल्या आनंदरावांनी शाळा सोडली आणि ते जी.आय.पी. रेल्वेच्या कारखान्यात कामाला लागले. एका भावाच्या शिक्षणासाठी दुसऱ्या भावाची पाटी फुटली. मंजुळा आणि तुळसा चरित्रात येतात त्या दागिन्यांसह येतात, पुस्तकांसह येत नाहीत. एक भीमराव घडला त्याच्या मागे बापाची झोप होती, भावाची शाळा होती, बहिणींचे सोने होते आणि आत्याचे सारे आयुष्य होते. हा बापाचा दोष म्हणण्यापेक्षा त्या व्यवस्थेचा गुन्हा आहे. पण आज, फी भरण्याची ऐपत असताना, मुलाला इंग्रजी शाळा आणि मुलीला जवळची फुकट शाळा अशी वाटणी जो पालक करतो, त्याच्याजवळ ती सबब नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण किती, हे आमच्या टक्केवारीवाल्या पालकांनी जरा लक्ष देऊन वाचावे. ७५० पैकी २८२. अडतीस टक्केही नव्हेत! तरीही त्या दिवशी आमच्या समाजाने आनंद साजरा केला. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा झाली. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. शेजारच्याच्या मुलाला किती पडले म्हणून बापाने मुलाला बोलून दाखविले नाही. मूल कोठून निघाले आणि कोठे पोचले हे त्या समाजाला माहीत होते. आज नव्वद टक्के मिळविणाऱ्या पोरीला पंचाण्णव का नाहीत असे विचारले जाते, तेव्हा आम्हाला ते २८२ गुण आठवतात.

त्या भेट मिळालेल्या पुस्तकाने घरात एक वाद पेटला. आमच्या मते रामजीबाबांच्या पालकत्वाची खरी कसोटी तेथे लागली. वर्षानुवर्षे रोज निजण्यापूर्वी मुलांनी बहिणींना आणि जमलेल्या मंडळींना रामायण-महाभारत वाचून दाखवायचे, असा सुभेदारांचा दंडक होता. बुद्धचरित्र वाचल्यावर मुलाने विचारले, की ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता सांगणारे हे ग्रंथ आमच्याकडून का वाचून घेता? बुद्धाची ओळख आम्हाला का करून दिली नाही? कडक बापाला प्रश्न रुचला नाही. पोरांनी असले प्रश्न विचारू नयेत, सांगितले तेवढे करावे, असे म्हणून त्याने विषय तोडला.

बहुतेक घरांत गोष्ट येथे संपते. या घरात ती संपली नाही. काही दिवसांनी मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. बापाला पुन्हा विचारता येते, एवढा भरवसा त्याला होता. आणि या वेळी बाप उत्तर तयार ठेवून बसला होता. दरम्यान त्याने त्या प्रश्नावर विचार केला होता. त्याचे म्हणणे असे, की आपण अस्पृश्य असल्यामुळे आपल्या मनात न्यूनगंड शिरण्याचा धोका असतो. द्रोण आणि कर्ण यांच्यासारखी लहान माणसे किती उंचीला गेली, वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कर्ता झाला, हे वाचून तो गंड जावा, म्हणून हे वाचन. मुलाला उत्तरात तथ्य दिसले, पण त्याचे समाधान झाले नाही. महाभारतातील पात्रांबद्दलचे आपले आक्षेप त्याने स्पष्ट सांगितले. सुभेदार गप्प राहिले. पोरगा बंड करून उठला आहे, हे त्यांना उमगले होते. त्यांनी ते बंड मोडून काढले नाही.

बाबासाहेबांनी १९५६ साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षात, आपण बुद्धाकडे कसे वळलो हे लिहिताना नेमका हाच प्रसंग सांगितला आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीकडे जाणारी वाट परळच्या त्या खोलीतल्या बाप-लेकाच्या वादातून गेलेली आहे. बाप कबीरपंथी राहिला, मुलगा बुद्धाकडे गेला. पटले नाही तरी मुलाला विचार करू देणे, हे त्या बापाचे मोठेपण. आज आमच्या घरी बावीस प्रतिज्ञांची तसबीर आहे, पण मुलीने त्यांतल्या एखादीचा अर्थ विचारला तर आपण उत्तर देतो की गप्प बसवतो? बुद्धाने आणि बाबासाहेबांनी प्रश्न विचारायला शिकविले. त्यांच्या अनुयायांच्या घरात प्रश्न विचारणाऱ्या मुलाला उद्धट म्हटले जात असेल, तर चुकते आहे ते मुलाचे नाही.

पुढची कथा वेगाने घडली. कॉलेजचा खर्च पेलेना तेव्हा केळुसकर गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. येथेही पालकाने शिकण्यासारखे आहे. आपल्या हातून होत नाही ते दुसऱ्या जाणत्याच्या हातून होऊ द्यावे, यात सुभेदारांना कमीपणा वाटला नाही. भीमराव बी.ए. झाले. बडोद्याच्या नोकरीला जाण्याचा त्यांचा निश्चय बापाला पसंत नव्हता. मुलाने मुंबईतच राहावे, असे त्यांना वाटे. मुलगा आपल्या निर्णयावर ठाम राहिला आणि जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याला गेला.

काही दिवसांतच बाप अत्यवस्थ असल्याची तार आली. भीमराव परत निघाले. वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते खाली उतरले आणि गाडी सुटली. पुढची गाडी मिळेपर्यंत वेळ गेला. घरी पोचले तेव्हा सुभेदार शेवटच्या घटका मोजीत होते. मुलगा दिसल्यावर त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरविला आणि प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३. त्याच वर्षी जुलैमध्ये मुलगा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. ज्याने रात्री जागून त्याला तेथवर आणले, त्याला हे पाहायला मिळाले नाही.

परंतु मुलाला बापाचा विसर पडला नव्हता. बाप जाऊन सहा महिनेच झाले होते. न्यूयॉर्कला पोचताच भीमरावांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. आई-बाप मुलाला फक्त जन्म देतात, कर्म देत नाहीत, ही समजूत आपण टाकून दिली पाहिजे. आई-बाप मुलांचे भवितव्य घडवू शकतात. आणि मुलांबरोबर मुलींच्या शिक्षणाकडेही लक्ष दिले तर आपली प्रगती फार झपाट्याने होईल, असा त्या पत्राचा आशय आहे. बावीस वर्षांच्या तरुणाचे हे पत्र आम्हाला आमच्या चळवळीचा पहिला पालकनामा वाटते. नशीब, पूर्वजन्म, कपाळावरची रेघ या सगळ्यांना त्यात रजा दिलेली आहे. मूल घडते ते घरातल्या माणसांच्या हातून, एवढे त्यात स्वच्छ सांगितले आहे. आणि बहिणींच्या दागिन्यांचे ऋण मुलींच्या शिक्षणाने फेडायचे, हेही त्यात आले, असे आम्ही मानतो. पुढे १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा आपल्या शिक्षणासाठी आई-वडिलांनी केलेल्या त्यागाची कृतज्ञतापूर्वक नोंद करून तो त्यांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला.

या चरित्रातून आजच्या पालकाने घ्यायचे काय? रात्री दोनला उठवा, असे आम्ही म्हणत नाही. मुलांना पुरेशी झोप हवीच. घ्यायचे ते एवढे, की मूल अभ्यासाला बसले असताना मोठ्यांनीही आपले काहीतरी बाजूला ठेवले पाहिजे. संध्याकाळचे दोन तास टीव्ही बंद, मोबाईल बाजूला, आणि आई-बापांपैकी एकाने तरी मुलाजवळ बसायचे. वाचता येत असेल तर वाचायचे, नसेल तर मुलाकडून वाचून घ्यायचे. दारूची बाटली ज्या घरात येते तेथे पुस्तकाला जागा उरत नाही, हे तर सुभेदारांनी वागून दाखविले आहे. जयंतीच्या डीजेला वर्गणी देताना जो हात थांबत नाही, तो मुलीच्या पुस्तकाला थांबू नये. मारून, टोमणे देऊन आणि तुलना करून मूल अभ्यासाला लागत नाही. ते एक तर घाबरते, नाही तर खोटे बोलायला शिकते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपल्याला पुन्हा विचारण्याचा, पुन्हा सांगण्याचा धीर मुलात राहिला पाहिजे. आज आमची मुले मोठमोठ्या विद्यापीठांत, वैद्यकीय महाविद्यालयांत, आयआयटीत जात आहेत. मसूर स्टेशन तेथेही आहे, फक्त त्याचे नाव बदलले आहे. २०१६ साली हैदराबादला रोहित वेमुला गेला, २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. त्यांच्या आयांनी स्वतः सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, दुसऱ्यांची लेकरे वाचावीत म्हणून. दोष त्या आयांचा नव्हता, संस्थांमध्ये मुरलेल्या जातीचा होता आणि आहे. त्या जातीशी लढणे हे चळवळीचे काम आहेच. पण होस्टेलवरच्या मुलाने रात्री घरी फोन करून काही सांगू पाहिले, तर पलीकडे ऐकणारे कोणीतरी जागे असावे. मार्क किती पडले, हा आपला पहिला प्रश्न नसावा. जेवलास का, कोणी काही बोलले का, हा असावा.

येत्या २ फेब्रुवारीला विहारात सुभेदार रामजीबाबांच्या प्रतिमेला हार घालायला आपण जमू. त्या दिवशी भाषणे थोडी कमी ठेवून पालकांनीच एकमेकांशी बोलावे, अशी आमची सूचना आहे. बायांना मागच्या रांगेत न बसवता त्यांना आधी बोलू द्यावे. मुलांनाही विचारावे की, तुम्हाला आमच्याकडून काय हवे आहे. उत्तर ऐकायला कदाचित जड जाईल. रामजीबाबांनाही आपल्या मुलाचा प्रश्न पहिल्या वेळी जडच गेला होता. दुसऱ्या वेळी ते उत्तर घेऊन बसले होते. आपणही बसू या.

जयभीम!